रामाकोन्यात लोखंड शोधताना

पांढुर्णा

सूर्यावरच्या वादळांचा अंदाज बांधणं हे माझं काम. असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेली असते. प्रत्यक्षात पुण्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, पडद्यावरच्या वेड्यावाकड्या रेघा बघण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात ऑफिसने मला पांढुर्ण्याकडे धाडलं तेव्हा बरंच वाटलं. काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. लोखंड शोधायचं, आणि नाही सापडलं तर स्टेशन बंद करून परत यायचं.

स्टेशन म्हणजे रामाकोना गावाबाहेर, एका संत्र्याच्या बागेत बसवलेलं आमचं यंत्र. पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक बदल ते टिपतं. सूर्यावर स्फोट झाला की कधीकधी तिथून तापलेल्या, भारित वायूचा मोठा लोट सुटतो. तो आपल्या दिशेने निघाला तर दोनतीन दिवसांत येऊन धडकतो. मग पृथ्वीचं चुंबकत्व हादरतं, हवेच्या अगदी वरच्या थरात खळबळ माजते आणि उपग्रहांकडून येणारे जीपीएसचे संदेश वाटेतच भरकटतात. लोट निघालेला आम्हाला दिसतो. तो नेमका कधी पोचेल आणि कुठे किती झोंबेल, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून जमिनीवर ठिकठिकाणी अशी यंत्रं लागतात. पहिला दणका त्यांना कळतो, आणि आज संध्याकाळी जीपीएसवर विसंबू नका, असं आम्ही लोकांना कळवतो.

रामाकोन्याच्या यंत्राला मात्र गेलं वर्षभर रोज संध्याकाळी दणका बसायचा आणि रोज सकाळी तो उतरायचा. सूर्य इतका वक्तशीर नसतो. जवळपास कुठलं तरी लोखंड येत होतं आणि जात होतं, हे उघड होतं. आमच्या संगणकाला तेवढी अक्कल नव्हती. दणका दिसला की तो त्या भागातल्या लोकांच्या मोबाइलवर इशारा पाठवायचा, आणि अर्ध्या तासाने आमच्यापैकी कुणीतरी ‘मागचा इशारा रद्द समजावा’ असं कळवायचं. फोन करून विचारलं की बागेतून ठाम उत्तर यायचं, इथे लोखंड नाही. शेवटी स्टेशनचे इशारे बंद केले गेले आणि मला पाठवण्यात आलं.

पांढुर्ण्याच्या रेल्वे स्टेशनावर मला न्यायला मंगेश आला होता. ज्यांच्या बागेत यंत्र आहे त्यांचा हा मुलगा, वय तिशीच्या अलीकडचं. मालवाहू गाडीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली त्याचा ड्रोन बांधून ठेवलेला होता. परिसरातल्या संत्र्याच्या बागांवर औषध फवारून देणं हा त्याचा धंदा. त्याने आधी मला पोहे खायला नेलं.

गाव मध्य प्रदेशात, पाट्या हिंदीत, आणि पाट्यांखाली माणसं मराठीत भांडत होती. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड येते, खाणाऱ्याला कुठे लागू नये अशा बेताने. इथे पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. मी पोहेवाल्याला बजावलं की तिखट नको, अगदी साधी घाला. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्याने ती साधीच असल्याचं मला फार अदबीने सांगितलं. मंगेश रस्त्याकडे बघत हसला. मी प्लेट संपवली, कारण मागे ठेवणं म्हणजे हार मानण्यासारखं झालं असतं.

तिगाव

ऑफिसने एक पर्यायी जागाही सुचवून ठेवली होती, तिगावला. नकाशावर ती फारच छान दिसत होती. आम्ही गेलो, मी हातातलं छोटं मोजयंत्र जमिनीवर ठेवलं, आणि एक मालगाडी आली. आकडे असे नाचले की मंगेशही वाकून बघू लागला. ती गेल्यावर दुसरी आली. नकाशा करणाऱ्याने रूळ पाहिलेच नसावेत.

म्हणजे रामाकोना टिकलं तर टिकलं. ते बंद झालं तर या पट्ट्यात आमचं एकही यंत्र उरणार नव्हतं. मी हे मंगेशला सांगितलं. त्यानंतर तो गाडी जरा जोरात चालवू लागला.

मोहगाव

वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी. बोंडं नुकती उकलायला लागलेली. मग संत्र्याच्या बागा, फळं अजून हिरवी, कुठे कुठे पिवळसर. मोहगावजवळ एका बागेपाशी मंगेशने गाडी हळू केली आणि डाव्या हाताची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत जखमेचा जाड व्रण होता.

संत्र्यावरची फवारणी तो दिवस बुडाल्यावर करतो. वारा पडलेला असतो आणि मधमाश्या घरी गेलेल्या असतात. गेल्या मार्चमध्ये एका संध्याकाळी तो याच बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता. ड्रोन जीपीएसच्या भरवशावर आपल्या ओळीने नीट चालला होता आणि एकाएकी आडवा सरकून थेट त्याच्या अंगावर आला. त्याने तोंडापुढे हात धरला म्हणून डोळे वाचले. पाती हातावरून गेली. त्या संध्याकाळी आमचा इशारा आला होता का, असं मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

“आला होता मॅडम,” तो म्हणाला. “पन रोज संध्याकाळी सावधान, आन् रोज रद्द. कोन वाचते? मी वाचनंच सोडून देल्लं होतं.”

त्या दिवशीचं वादळ मला चांगलं आठवतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आमचा अंदाज जवळजवळ तासावर बरोबर आला होता आणि खोलीत पेढे वाटले गेले होते. मी स्वतः दोन खाल्ले होते. ते मी मंगेशला सांगितलं नाही.

गाडी परत रस्त्याला लागल्यावर त्याने एवढंच म्हटलं, “मॅडम, बंद नका करू. खरं सांगनारं करा. इशारा नसला तं माय मले संध्याकाळी घराभाईर पडू देत नाई, आन् संध्याकाळशिवाय माह्यं काम नाई.”

रामाकोना

मंगेशच्या आई, सुमनताई, बांबूच्या फाटकापाशी उभ्या होत्या. उंच, सडसडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी आधी माझी छत्री काढून घेतली आणि ओसरीवर ठेवली. छत्रीच्या काड्या लोखंडी असतात, हे मलाच सुचलं नव्हतं.

लोखंडाचं इतकं कडक सोवळं मी आमच्या कुठल्याही स्टेशनवर पाहिलेलं नाही. पूर्वीचं लोखंडी फाटक त्यांनी काढून टाकलं होतं. बादल्या प्लॅस्टिकच्या, बकऱ्यांचे खुंटे लाकडाचे. यंत्राची छोटी खोली बागेच्या एका कोपऱ्यात, विटांची, दाराला पितळी बिजागऱ्या. त्या बाजूला सायकलसुद्धा नेऊ देत नव्हत्या. मंगेशचे वडील फार न बोलणारे गृहस्थ. नमस्कार करून ते बागेकडे गेले.

मी मोजयंत्र घेऊन खोलीभोवती फिरू लागले. भिंतीपासून थोड्या अंतरावर आकडा एकदम उसळला. मला फार आनंद झाला. मी मंगेशच्या वडिलांना हाक मारून तिथे खणायला लावलं, लाकडी दांड्याच्या टोकाने, बिचाऱ्यांनी बराच वेळ खणलं. माती निघाली, दोन खापऱ्या निघाल्या. मग मी उठून उभी राहिले तेव्हा आकडाही माझ्याबरोबर उठला. माझ्या चष्म्याच्या डबीच्या झाकणाला लोहचुंबक असतो आणि ती डबी माझ्या खिशात होती.  सुमनताईंनी डबी माझ्याकडून घेतली आणि ओसरीवर छत्रीशेजारी ठेवली.

दुपारी रोडगे होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, राख झटकून फोडतात आणि वर तुपाची धार धरतात. बरोबर वांग्याची भाजी आणि ठेचा. पुण्यात पाहुण्याला एकदा विचारतात, फार तर दोनदा. इथे विचारण्याची पद्धतच नाही, वाढून मोकळं होतात. सकाळच्या तर्रीने शहाणी होऊन मी ठेच्याला बोट लावलं नाही, तर वाढणाऱ्या हाताने तो माझ्या रोडग्यावरच ठेवला.

दुपारभर काही सापडलं नाही. यंत्राची रेघ सरळ, गुळगुळीत, बघून समाधान वाटावं अशी. मंगेश औषध आणायला सौंसरला गेला. मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले. यंत्राची तार तिथपर्यंत आणली होती, त्यामुळे रेघ डोळ्यांसमोर होती.

दिवेलागणीला सुमनताईंनी तुळशीपाशी दिवा लावला आणि हातात दुसरी पणती घेऊन मागच्या बाजूला गेल्या. थोड्या वेळाने माझ्या पडद्यावरची रेघ एका झटक्यात वर उडाली आणि तिथेच राहिली. मी मान वर केली. सुमनताई परत येत होत्या. हातात पणती होती, आणि जाताना पदराखाली झाकलेला उजवा हात आता मोकळा होता.

मी उठून खोलीत गेले. यंत्राचा संवेदनशील भाग जमिनीतल्या खड्ड्यात असतो आणि त्यावर लाकडी झाकण असतं. झाकणावर एक विळा ठेवलेला होता. जुना, घासून घासून पातं अर्धं झालेला, लाकडी मूठ हातांनी काळी पडलेली, आणि पात्यावर हळदीकुंकवाची बोटं.

मला आधी राग आला. वर्षभर आम्ही फोन करत होतो. छत्री बाहेर ठेवायला लावणारी, बिजागऱ्या पितळीच आहेत ना हे स्वतः तपासणारी बाई रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने यंत्राच्या छाताडावर विळा ठेवत होती. मी बाहेर आले ती जरा तावातच.

सुमनताई ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. मी कुठे जाऊन आले हे त्यांना कळलेलं होतं. मी विळ्याचं विचारलं. ही सांगायची गोष्ट नाही, सांगितली की तिचा गुण जातो, एवढंच त्या म्हणाल्या.

ते ऐकलं आणि माझा राग एकदम ओसरला, कारण मला माझी आई आठवली. माझी मुलगी झाली तेव्हा आईने दृष्ट लागू नये म्हणून माझ्या उशीखाली सुरी ठेवली होती. मी तेव्हाही याच नोकरीत होते, चुंबकत्वावर भाषणं देत होते. सुरी दिसली तेव्हा मी तोंड वाकडं केलं, पण काढून टाकली नाही. एका रात्री ती सरकून खाली पडली तेव्हा मीच उचलून परत उशीखाली सारली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. सुमनताईंना सांगितलं.

मग त्या बोलल्या. गेल्या वर्षी पोळ्याला पाहुणे आले होते. सगळ्यांनी यंत्र पाहिलं, सुमनच्या घरी केवढी मोठी गोष्ट आली म्हणून वाखाणलं. दुसऱ्या दिवशी वीज कडाडली आणि यंत्र बंद पडलं. पुण्याची माणसं येईपर्यंत ते मुकं होतं. त्याच दिवसांत मंगेशने ड्रोन घेतला होता आणि याच यंत्राच्या भरवशावर तो संध्याकाळी उडवणार होता. यंत्राला दृष्ट लागली आणि उद्या ते पुन्हा मुकं झालं, तर मुलाला सावध कोण करणार? त्यांनी तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला विळा नेऊन ठेवायला सुरुवात केली. सकाळी उचलायचा, कारण बकऱ्यांचा चारा त्यानेच कापायचा असतो. मार्चनंतर तर त्यांनी एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. हातावर निभावलं, जीव वाचला, तो या राखणीमुळेच, अशी त्यांची खात्री होती.

“मंगेश झाला तवा माह्या उशाशी हाच इळा होता,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं, मग फोनवर लोखंड नाही असं का सांगायचात? त्यांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. “थे लोखंड थोडीच हाये बाई. राखन हाये.”

आता मला सांगणं भाग होतं. न सांगता विळा कुठेतरी टाकून देता आला असता, पण मग दुसऱ्या संध्याकाळी दुसरा आला असता. मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. या यंत्राला लोखंड जवळ आलं की वादळ आल्यासारखं वाटतं. म्हणून ते रोज संध्याकाळी ओरडायचं. रोज ओरडायचं म्हणून कुणी त्याचं ऐकेनासं झालं. मी मंगेशचं नाव घेतलं नाही. नाव न घेताही ते आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसलंच.

“म्हनजे त्याच्या हाताले मीच…” असं म्हणून त्या थांबल्या.

आमच्या धंद्यात चुकीचा इशारा म्हणजे नुसता एक आकडा असतो. वर्षाअखेरीस तो इतर आकड्यांत मिळवतात. समोर बसलेल्या बाईचा चेहरा बघून मला त्या हिशेबाची शरम वाटली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, हे यंत्र काही हुशार नाही, त्याला राखण कुठली आणि संकट कुठलं ते ओळखता येत नाही, आणि ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगणं आमचं काम होतं. आम्ही नुसतं ‘लोखंड नको’ म्हणून फोन ठेवून दिला.

मग त्या म्हणाल्या, “मंग आता त्याची राखन?”

त्यांनी रडायला सुरुवात केली असती तर मला सोपं गेलं असतं. या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार होतं. मी विचार केला आणि लक्षात आलं की उत्तर आहे. यंत्राला लोखंड असल्याचा त्रास नसतो, ते हलल्याचा असतो. एका जागी घट्ट बसलेलं लोखंड असेल तर त्याचा परिणामही रोज तेवढाच राहतो. तो एकदा मोजायचा आणि कायमचा वजा करायचा. मी म्हटलं, विळा राहू दे, पण मग उचलायचा नाही. सकाळी नाही, कधीच नाही.

“बकऱ्याईचं काय?” त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाल्या, “दुसरा घेऊ.”

फक्त मंगेशला यातलं काही कळू देऊ नये, अशी त्यांनी मला गळ घातली. मी कबूल केलं.

सौंसर

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेश बाहेर पडल्यावर त्याच्या वडिलांनी खोलीच्या पायथ्याशी विटा काढून एक कोनाडा केला. विळ्याला सुमनताईंनी पुन्हा हळदकुंकू लावलं आणि स्वतःच्या हाताने तो आत ठेवला. वडिलांनी वरून चुना-विटांनी कोनाडा बुजवला. त्यांनी एकदाही काही विचारलं नाही, त्यामुळे त्यांना आधीपासून किती माहीत होतं ते मला सांगता येणार नाही. मी विळ्याचा आकडा मोजून घेतला. त्या संध्याकाळी रेघ पहिल्यांदाच सरळ राहिली. सुमनताई ओसरीवर माझ्या शेजारी बसून बघत होत्या. अंधार पडल्यावर त्यांचा उजवा हात उगाचच पदराशी चाळवत होता.

परतीच्या दिवशी त्या माझ्याबरोबर सौंसरच्या बाजारापर्यंत आल्या. विळ्यांच्या ढिगासमोर बसून त्यांनी एकेक विळा उचलला, नखावर धार पाहिली, परत ठेवला. पुण्यात मी साडी घेताना एवढा वेळ लावत नाही. शेवटी एक घेतला, पण चेहऱ्यावरून तो काही त्यांच्या मनात भरलेला दिसला नाही. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत ठेच्याची बरणी आणि अर्धी हिरवी संत्री घातली, आणि ‘येजा’, म्हणजे पुन्हा या, म्हणाल्या. मंगेशला मी एवढंच सांगितलं की लोखंड सापडलं आणि बंदोबस्त झाला. तो बरं झालं म्हणाला आणि गाडीची काच पुसू लागला.

पुणे

रामाकोना चालू ठेवावं, असं मी कळवलं. जवळ लोखंडाची एक वस्तू कायमची आहे, तिचा परिणाम ठरावीक आहे, तो वजा करावा. ती काढून का टाकली नाही, असं वरिष्ठांनी विचारलं. काढता येण्यासारखी नाही, असं मी म्हटलं. आमच्याकडे आकडा दिला की त्यापुढे फारसं कुणी विचारत नाही.

दिवाळी झाली. थंडी पडू लागली तशी एके दुपारी सूर्याच्या ऐन मध्यावर मोठा स्फोट दिसला आणि मागोमाग लोट सुटला, सरळ आपल्याकडे. दोन दिवसांनी येईल, असा आमचा अंदाज होता. नेहमीप्रमाणे त्यात बरेच जर-तर होते. तो आला त्याच्या सोयीने, सूर्यास्ताच्या सुमाराला. पहिला दणका दक्षिणेतल्या यंत्रांना लागला आणि त्याच मिनिटाला रामाकोन्याला. इशारा गेला. या वेळी तो रद्द करायला कुणी उठलं नाही.

थोड्या वेळाने मंगेशचा फोन आला. सावली गावाजवळच्या एका बागेत त्याची फवारणी चालू होती, टाकी अर्धी भरलेली होती.

“मॅडम, उतरवला,” तो म्हणाला. आभाळ तर एकदम साफ आहे, काहीच दिसून नाही राहिलं, असंही म्हणाला. तो आता घरी पोचला होता. मागून त्याच्या आईचा आवाज येत होता. त्याने फोन बाजूला धरून काहीतरी ऐकलं आणि परत कानाला लावला.

“माय विचारून राहिली,” तो म्हणाला, “का इळा जागेवरच हाये ना?”

मी त्याला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे सुमनताईंनी स्वतःच सांगितलं होतं, विळ्याचं, आणि हाताचंही.

पडद्यावर रामाकोन्याची रेघ वादळाने नुसती थयथयत होती. कोपऱ्यात, वजा करायच्या रकान्यात, तो एक आकडा होता तसाच होता.

“हो,” मी म्हटलं. “सांग त्यांना, हललेला नाही.”